सहा नोझलं

घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीनं पुन्हा मान टाकली. खेमसिंगनं गिअर खाली घेतला, पाय शेवटपर्यंत दाबला, तरी इंजिन नुसतं कण्हत राहिलं. मागच्या नळीतून काळा धूर निघाला आणि वाऱ्यानं फिरून कापसाच्या बोऱ्यांवर बसलेल्या हमालांच्या तोंडात गेला. ते खोकत खाली उतरले. दोघांनी मागच्या चाकांना दगड लावले.

"झालं?" शेजारी बसलेला घनश्याम म्हणाला.

"तापलं इंजिन. दहा मिन्टं थांबू, भाऊ."

"मांगच्या हप्त्यात बी तापलं होतं. इंजिन तापते अन् टाकी आटते. हे कसं काय बा?"

 खेमसिंग खाली उतरून बॉनेटला कान लावून उभा राहिला. सहा सिलिंडरांतलं एक लंगडत होतं. पाच ठोके भरीव, सहावा पोकळ. त्याच्या कानाला ते महिनाभरापासून कळत होतं, पण कानाला कळलेलं दुसऱ्याला कसं दाखवायचं?

गाडी विठ्ठलराव पाटलांची. महागावाकडच्या त्यांच्या गावात ट्रक असलेलं ते एकच घर. तीन वर्षांमागं, एकोणसाठ साली, त्यांनी ती लिलावात घेतली, तेव्हाच ती म्हातारी होती. कोणीतरी तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं, आणि ते समजणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता. खेमसिंग दुसऱ्या महायुद्धात आसामात फौजेच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं राहून आला होता. त्याचे बाप-आजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवत. "बैल गेले, ओझं राह्यलं," असं तो हसून म्हणायचा. पुसदच्या जिनिंगात कापूस पोचवायचा, येताना सरकी आणायची, हे त्याचं काम. घनश्याम हा पाटलांचा पुतण्या. तिशीचा. पोरका म्हणून काकानं वाढवलेला, आणि काकाचं एक टिपूसही वाया जाऊ न देणारा.

त्या दिवशी गावात परतल्यावर घनश्यामनं बांबूची एक कामटी तासली. तिच्यावर चाकूनं खुणा केल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाडी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर तो सगळ्यांसमोर ती टाकीत बुडवायचा, वर काढायचा आणि ओल्या खुणेवर अंगठा ठेवून खेमसिंगकडं पाहायचा.  हमाल दुसरीकडं पाहत बिड्या पेटवत. खेमसिंगच्या हातात तेवढ्या वेळात काही काम नसायचं. पाना घेऊन तो उगाच चाकाचे नट आवळायचा, कालच आवळलेले.

गावात मग गोष्ट फुटायला कितीसा वेळ लागतो? मानीबाई, खेमसिंगची बायको, बाटली घेऊन दुकानात घासलेट आणायला गेली, तर दुकानदार सगळ्यांदेखत म्हणाला, "तुले कायले पायजे वो? तुह्या घरी तर टाकीच हाय." ती रिकामी बाटली घेऊन गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर परत आली. नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही. दिवेलागणीला चुलीच्या उजेडात भाकरी थापताना तिच्या हातातले बलिये, त्या रुंद बांगड्या, जास्तच वाजत होते, तेव्हा त्यानं विचारलं आणि त्याला कळलं.

चार दिवसांनी घनश्याम कोतवालाला घेऊन तांड्यावर आला. दुपारची वेळ होती. खेमसिंग नुकताच जेवायला बसला होता. कोतवालानं मान खाली घालूनच कणग्यांमागं पाहिलं, जळतणाच्या ढिगाऱ्यात काठी घातली. ओट्याखाली एक पत्र्याचा डबा सापडला. त्याच्या तळाशी दोन बोटं काळं तेल होतं.

घनश्यामनं वास घेतला. "हे काय?"

"सामान धुतलेलं तेल हाय. भुंगे लागू नये म्हनून मी गाडीच्या बैठकीले... म्हंजे, आपल्या बंडीच्या लाकडाले लावतो." खेमसिंगची जीभ अडखळली. खरं बोलतानाही अडखळली, याचाच त्याला जास्त राग आला.

घनश्यामनं डबा सारवलेल्या अंगणात उपडा केला. काळा डाग मानीबाईच्या रांगोळीवरून पसरत गेला. तिच्या हातांना पीठ होतं. ती तशीच उभी राहिली.

"इंग्रजाच्या वक्ताले पोलीस बी येत होते असे," शेजारचा म्हातारा हरिसिंग बाजेवरून म्हणाला. "तवा घोड्यावर येत."

खेमसिंगनं ताट सरकवलं, हात धुतले आणि तडक पाटलांच्या वाड्याकडं निघाला. ऊन पाठीवर होतं. वाटेत कापसाच्या शेतांतून वेचणाऱ्या बाया मान वर करून पाहत होत्या. त्याला वाटलं, सगळ्यांनाच माहीत आहे.

विठ्ठलराव दारालगतच्या ढेलजेत सुपारी कातरत होते.

"मालक, तेल मी नेत नाई. तेल गाडी खाते. एक नोझल गेलं हाय."

"नोझल म्हंजे?"

"पंप तेल धाडते, अन् नोझल ते दाबानं सिलिंडरात फवारते. धुक्यावानी फवारलं तर जळते. दाब उतरला का थेंब थेंब गळते. तेल जळत नाई, धूर होते, गाडी ओढत नाई. म्हनून जास्त लागते."

"हे तू म्हनतेस."

"मी नाई म्हनत. काट्यावर दाखवतो. पुसदले लखीराम मिस्त्रीजवळ दाब मोजाचं यंत्र हाय. उद्या आनतो. तुमच्या डोयानं पाहा."

विठ्ठलरावांनी अडकित्ता मिटला. ते वाईट माणूस नव्हते, पण पुतण्याचा शब्द खाली पडू देणं त्यांना जमत नसे. "परवा सकाळी दाखव," ते म्हणाले. "नाई दाखवता आलं, तर मंग मले दुसरा डायवर पाहा लागन."

लखीरामनं आधी साफ नाही म्हटलं. मग खेमसिंगचं तोंड पाहून यंत्र पोत्यात गुंडाळून दिलं. "परवा सांजेलोक वापस पायजे. अन् हे पाय, खेमसिंग, सांभाळून. तुले सांगा लागत नाई." एसटीत ते दहा शेरांचं लोखंड छातीशी धरून खेमसिंग उभ्याउभ्याच आला, बसायला जागा असून. बसलं की पाय हलायला लागत.

ठरल्या दिवशी सकाळीच त्यानं वाड्यासमोरच्या अंगणात गाडी उघडली. सहाही नोझलं काढून स्वच्छ फडक्यावर ओळीनं मांडली. यंत्र एका जाड फळीवर आवळलं. वर तेलाची कुपी, बाजूला हातभर दांडा, समोर घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यावर काटा. नोझल खाली तोंड करून बसवायचं, दांडा दाबायचा, की काटा चढतो आणि ठरल्या दाबाला फवारा सुटतो. विठ्ठलराव खुर्ची टाकून बसले. हमाल जमले. दारात विमलताई, पाटलीणबाई, सूप घेऊन उभ्या राहिल्या.

"तेल याच टाकीतलं घाल," घनश्याम म्हणाला. "माह्यासमोर काढ."

खेमसिंगनं त्याच्यासमोर काढलं, कुपीत ओतलं. मग सगळ्यांकडं पाहून म्हणाला, "एक गोष्ट आयका. फवाऱ्याच्या आड कोनी हात नेऊ नका. पान्यावानी दिसते, पन कातडं फोडून आत जाते. फौजेत पाह्यलं म्यां."

"म्हंजे जवळून पाहाचंच नाई आमी," घनश्याम हसून म्हणाला. एकदोन हमालही हसले.

पहिलं नोझल चढवलं. खेमसिंगनं दांडा दाबला. काटा सरसर चढला, एकशेवीसवर थरथरला, कर्रकर्र आवाज झाला आणि खालच्या पत्र्यावर धुकं पसरलं. "एकशेवीस. हे चांगलं."

दुसरंही तसंच.

तिसऱ्याला काटा सत्तरावर अडला. आवाज नाही, धुकं नाही. नोझलच्या टोकाला तेलाची तार लोंबली आणि टपटप पत्र्यावर पडली. खेमसिंगनं पुन्हा दाबलं. पुन्हा सत्तर.

"मालक, या. पाहा."

विठ्ठलराव उठून आले, कमरेत वाकले. त्यांनी काटा पाहिला, गळणारं तेल पाहिलं. चौथं नोझल चढवून खेमसिंगनं पुन्हा एकशेवीस दाखवलं, पुन्हा तिसरं लावलं, पुन्हा सत्तर.  एक हमाल हळूच म्हणाला, "गळते न बापा."

खेमसिंगला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रोज टाकीत बुडणारी ती कामटी, अंगणातला काळा डाग, सगळं आतल्या आत उसळून वर आलं. त्यानं पाचवं नोझल चढवलं. दांड्यावर हात ठेवला.

"काटा तुह्या दोस्ताचा," घनश्याम पुढं झाला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "अन् तेलाचं काय? घासलेट मिसळलं असन तर काटा काय सांगन? वास घेऊ दे मले."

त्यानं उजवा पंजा नोझलखाली धरला.

दांडा खाली येतच होता. कर्र झालं. घनश्यामनं हात झटकला. तळव्यावर तेल चमकत होतं आणि मधोमध, मधल्या बोटाच्या मुळाशी, काटा रुतल्यासारखा एक लाल ठिपका होता.

"टोचलं लेकाचं," तो म्हणाला आणि हात नाकाशी नेला.

खेमसिंगनं दांडा सोडला. "भाऊ, हात दाखवा."

"कायले?"

"दाखवा म्हनतो न!" त्यानं मनगट धरलं. मालकाच्या पुतण्याचा हात त्यानं आजवर कधी धरला नव्हता. "मालक, याले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या लागते. तेल आत गेलं हाय. वरून काई दिसत नाई, पन आतून मांस सडवते. हात चिरून तेल काढा लागते. आसामात आमच्या एका शिपायानं असंच हसून सोडून देल्लं. चवथ्या दिवशी कोपरापासून हात तोडला त्याचा."

घनश्यामनं हात हिसकला. "पाहा काका! खोटं पकडू लागलो, तर भेव दावून राह्यला. इतकुसं टोचलं, अन् म्हनते हात तोडा."

विठ्ठलराव एकदा पुतण्याकडं, एकदा ठिपक्याकडं पाहत होते. "दुखते काय रे?"

"काईच नाई."

"तेच त्याचं भेव हाय, मालक. पयले दुखत नाई."

विमलताईंनी सूप खाली ठेवलं आणि त्या पायऱ्या उतरून अंगणात आल्या. बाप्यांच्या घोळक्यात त्या कधी येत नसत. घनश्यामला त्यांनी चार वर्षांचा असल्यापासून वाढवलं होतं. त्यांनी त्याचं बोट दाबून पाहिलं.

"खेमसिंग खोटं बोलत असन तर उद्या आपुन हसू त्याले," त्या म्हणाल्या. "अन् खरं बोलत असन तर? चाल, हो उभा."

एसटी गेली होती. बैलबंडीनं पुसदला पोचायला संध्याकाळ झाली असती. गाडी सहा तुकड्यांत फडक्यावर पडलेली.

खेमसिंग कामाला लागला. इतकी घाई त्यानं फौजेतही केली नव्हती. नोझल बसव, पाना लाव, नळी जोड. घामानं पाना निसटत होता, बोटांची सालपटं निघत होती. तिसरं नोझल त्यानं भोकात बसवलं, पण त्याची तेलाची नळी जोडली नाही. ती वळवून एका डब्यात सोडली. पाचावरच गाडी चालवायची होती. नळ्यांतली हवा काढताना तेल बुडबुडत येत होतं, थांबतच नव्हतं. प्रत्येक बुडबुड्याला तो मान वर करून ओट्याकडं पाहायचा. घनश्याम आधी पाय हलवत बसला होता. मग हलवायचा थांबला. मग त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.

"खेमसिंग," तो पहिल्यांदाच खालच्या आवाजात म्हणाला, "बोट जड पडलं बे."

दोन हमालांनी हँडल मारलं. तिसऱ्या फेरीला इंजिन पेटलं.

रिकामी गाडी पाच सिलिंडरांवर उड्या मारत निघाली. विठ्ठलराव आणि विमलताई मधे, घनश्याम खिडकीशी. फुलसावंगीकडची बैलबंड्यांची रांग ओलांडताना खेमसिंगनं इतका भोंगा वाजवला की बैल बांधावर चढले. घाटात त्याच दुसऱ्या वळणावर इंजिन पुन्हा कण्हलं. खेमसिंगनं दात आवळले. सगळं अंग पुढं झुकवून तो बसला होता, जणू ढकलतच होता. गाडी माणसाच्या चालीनं चढत राहिली, पण थांबली नाही. घनश्यामचा तळवा आता भाकरीसारखा फुगला होता आणि बोट पांढरं पडलं होतं. तो ओरडत नव्हता. दर खड्ड्याला त्याच्या घशातून एक बारीक आवाज निघायचा आणि विमलताई त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या.

खेमसिंगला मात्र रस्ता दिसत असूनही दुसरंच दिसत होतं. नोझलखाली आलेला पंजा. आणि दांडा, जो अजून अर्ध्यावरच होता.

पुसदच्या दवाखान्यात डॉक्टरांना त्यानं दारातच सगळं सांगितलं. कोणतं तेल, किती दाब, किती वाजता. डॉक्टरांनी मध्येच थांबवून विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं लगेच आणायला?"

"पाह्यलं होतं, साहेब."

"उद्या आणला असता, तर पंजा गेला असता."

तळव्यापासून मनगटापर्यंत चिरून तेल काढलं. मधलं बोट वाचलं नाही.

दोन दिवसांनी विठ्ठलराव स्वतः तांड्यावर आले. बाजेवर बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. यंत्र लखीरामला पोचलं होतं, त्याच्याकडून नवं नोझलही आलं होतं. "बसवून घे. सोमवारपासून गाडी चालू कर." मग थोडं थांबून म्हणाले, "त्यानं माती खाल्ली. तू होता म्हनून हात राह्यला." जाताना ते अंगणातल्या डागाला वळसा घालून गेले.

तांड्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. दुकानदारानं मानीबाईला हाक मारून घासलेट दिलं. खेमसिंगनं नवं नोझल बसवलं आणि इंजिन सुरू करून पाहिलं. सहाही ठोके भरीव. धूर नाही. तरी त्यानं चारदा बंद करून चारदा चालू केलं.

रविवारी तो मानीबाईबरोबर आपल्या तीन एकरांत कापूस वेचायला गेला. उन्हं चढली. मानीबाईची ओटी दोनदा भरून रिकामी झाली, आणि त्याच्या ओटीत अर्धा कचरा. बोंडाच्या टोकांनी बोटं रक्ताळली होती.

"किडक्या कवड्या अन् पाला बी वेचून राह्यले तुमी," ती म्हणाली. "झालं काय? आता तर समदं बरं झालं."

तो पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासातच उकिडवा बसला.

"म्यां पाह्यला होता त्याचा हात."

"कोनाचा?"

"घनशामचा. आड येताना पाह्यला. दांडा अर्ध्यावर होता, थांबवता आला असता. नाई थांबवला." त्यानं आपला उजवा हात पुढं धरला आणि तो दुसऱ्याचा असल्यासारखा पाहिला. "कदी वाटते, इतक्यात थांबत नसते कोनी. कदी वाटते, म्यां जोरच देल्ला."

मानीबाईनं पऱ्हाटी धरली. वाऱ्यावर सुकलेली पानं वाजत होती.

"कोर लोक हायेत ते," ती म्हणाली. तांड्याबाहेरच्या माणसांना ते कोर म्हणत. "कळलं तर गाडी जाईन. जेलात बी टाकतीन."

"हो."

"मंग मले कायले सांगता?" तिचा आवाज चिरका झाला. "मी काय करू आयकून? ज्याचा हात, त्याले सांगा."

तो तसाच उठला. ओटीतला कापूस बांधावर ओतला आणि सडकेकडं चालू लागला. तिनं मागून हाक मारली नाही.

दवाखान्यातल्या लांब खोलीत शेवटच्या खाटेवर घनश्याम एकटाच होता. काका-काकू जेवायला बाहेर गेले होते. कोपरापर्यंत पट्ट्या बांधलेला हात उशांच्या चळतीवर उभा ठेवलेला. दाढी वाढली होती. खेमसिंगला पाहून तो थोडा ओशाळला.

"ये," तो म्हणाला. "गाडी कशी हाय?"

"चांगली हाय."

"डाक्टर म्हनत होता तुह्याबद्दल. म्यां तुले..." घनश्यामनं वाक्य सोडून दिलं. मग पुन्हा धरलं. "तुह्या घरी यायले नव्हतं पायजे म्यां."

खेमसिंग बसला नाही. खाटेचा लोखंडी गज त्यानं घट्ट धरला.

"भाऊ, म्यां पाह्यला होता तुमचा हात."

घनश्यामला आधी कळलं नाही. मग त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त खाली उतरत गेलं.

"आड आला तवा पाह्यला. दांडा थांबवता आला असता. राग होता डोक्यात. थांबवला नाई."

पलीकडच्या खाटेवरचा रोगी कण्हत कूस वळला. घनश्याम छताकडं पाहत राहिला. 

"काकाले सांगतलं काय?"

"नाई. पयले तुमाले."

"बोट गेलं माहं, खेमसिंग."

"हो."

"जाय तू," घनश्याम म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. "जाय इथून."

तोंड फिरवताना उशांची चळत ढासळली. वरच्या दोन खाली पडल्या आणि पट्ट्यांचा हात खाटेच्या काठावर जाऊन आदळणार, तोच खेमसिंगनं तो कोपराखाली झेलला. घनश्यामच्या तोंडून किंकाळी निघाली. नर्स दारातून धावत आली.

"खाली नका येऊ देऊ तो हात! रक्त उतरतं. वरच धरा, मी उशी बांधायला कापड आणते."

ती गेली. खेमसिंग खाटेशी गुडघे टेकून, दोन्ही पंजांत तो हात उभा धरून राहिला. घनश्याम हात ओढून घ्यायला बघत होता, पण ओढलं की दुखायचं. दंडाची शीर ताठ झाली होती. त्यानं एकदा मान वळवून खेमसिंगकडं पाहिलं. डोळे पाण्यानं भरलेले. दुखण्यानं भरले होते की रागानं, ते खेमसिंगला कळेना.

"जाय म्हनलं न तुले."

"कापड येऊ द्या. मंग जातो."

नर्सला वेळ लागत होता. बाहेर कोणीतरी बादली ओढत नेली. खेमसिंगचे खांदे भरून आले, गुडघ्यांना फरशी टोचू लागली, तरी त्यानं पंजे हलवले नाहीत. हळूहळू घनश्यामच्या दंडातला ताठा उतरला, आणि हाताचा सगळा भार त्यानं खेमसिंगच्या पंजांत सोडून दिला.